वारं व्हतं

मारुतराव आणि रोहिदास हे सख्खे भाऊ. तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात दोघांचे मळे शेजारी शेजारी. थोरल्याची गुलछडी, धाकट्याची तरकारी. दोन्ही घरांचं बरं चाललेलं. भांडण होतं ते मधल्या पट्टीचं. दीड गुंठ्याची ती पट्टी वाटणीत रोहिदासकडं गेली होती आणि मारुतरावाला तिच्यातनं पाइपलाइन न्यायची होती, वरच्या दोन एकरांना पाणी द्यायला.

"दादा, पाइप खुशाल न्या," रोहिदास म्हणायचा. "पट्टी तेवढी माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या."

मारुतरावाला ते मानवायचं नाही. दुसऱ्याच्या जागेतनं आपला पाइप म्हणजे उद्या त्याचं पोरगं येऊन कुदळ घालणार, असं त्याचं म्हणणं. आता रोहिदासचं पोरगं म्हणजे सम्राट. ते बारामतीला हॉस्टेलवर, कुदळ हातात धरल्याला त्याला चार वर्षं झाली असतील. पण मारुतराव तो मारुतराव! आठ वर्षं वरचे दोन एकर कोरडे ठेवले आणि भावाच्या मेहेरबानीचं पाणी नको म्हणाला. पट्टीकडं मग दोघांनीही बघितलं नाही, आणि तिच्यावर हराळी माजली.

त्या हराळीवर माघ सरता सरता रोहिदासनं तणनाशक मारलं. भर दुपारची वेळ, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. वारं उठलं होतं. पट्टीच्या अलीकडं मारुतरावाची बायको सोजराबाई गुलछडी खुरपत होती. ती ओरडली, "भावजी, वारं हाय, जरा दमानं घ्या की!" पंपाच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही. फवारा तिच्या अंगावरून गेला. तिनं पदर नाकाला लावला, दिराला दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा खुरपं चालवायला लागली. शिव्या द्यायचा तिचा हक्कच होता. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर सात वर्षांचा, नाक पुसायची अक्कल नसलेला. सासू अंथरुणाला खिळलेली. सोजरानंच त्याला न्हाऊ घातलं, पाटी घेऊन दिली, मास्तरनं मारलं तर मास्तरशी भांडून आली.

चार दिवसांनी गुलछडीच्या कडेच्या सहा सऱ्या पिवळ्या पडल्या. आणि आठव्या दिवशी सोजराच्या छातीवर, पाठीवर फोड उठले. साधे नाही, लिंबाएवढाले, पाण्यानं भरलेले. पोलक्याची शिवण घासली तरी फुटायचे आणि खाली लालभडक मांस उघडं पडायचं. तोंडही आलं होतं. भाकरी ती दुधात कालवून गिळायची. तोंड कधीपासून आलंय हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

गावाकडच्या डॉक्टरनं विचारलं, "अंगावर काही केमिकल वगैरे पडलं होतं का?"

"पडलं म्हंजी!" मारुतराव खुर्चीतनं उठलाच. "सख्ख्या भावानं फवारलंय की तिच्यावर!"

झालं. दोन दिवसांत ही गोष्ट वस्त्यावस्त्यांवर गेली.

भैरवनाथाच्या देवळात बैठक बसली. मधे तंटामुक्तीचे अध्यक्ष. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव आहे, पण सगळं गाव त्यांना अध्यक्षच म्हणतं, त्यांची बायकोसुद्धा. मारुतरावाचा मुलगा इंद्रजीत रांजणगावच्या कंपनीतनं फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तसाच युनिफॉर्मवर आला होता. त्यानं चुलत्याला भर देवळात अरेतुरे केलं. मारुतरावानं त्याला आवरलं नाही.

अध्यक्षांना हे प्रकरण वाढवायचं नव्हतं. ते म्हणाले, "रोहिदास, बेलभंडारा उचल आन् नाथासमोर सांग, त्या दिशी वारं नव्हतं म्हनून. मग आमी बघतो काय करायचं ते."

चांगली मोकळी वाट करून दिली होती माणसानं. त्या दुपारी वारं मोजायला कोण बसलं होतं? दुसरा कुणी असता तर बेल उचलून मोकळा झाला असता. रोहिदासनं बेलाच्या ताटलीकडं हात नेला आणि परत घेतला.

"वारं व्हतं," तो म्हणाला.

सगळे त्याच्या तोंडाकडं बघायला लागले.

"वारं व्हतं. पाच वाजेपतूर थांबलो आसतो तर पडलं आसतं. पर भाजीची गाडी भरायची व्हती, म्हनून घाई केली. वैनी पलीकडं हायेत हे बी दिसलं न्हाई मला."

एवढं बोलून तो रडायलाच लागला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, चारचौघांत. मारुतरावाला बरं वाटलं. लपवायचं कशाला? आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला धाकट्याची मान खाली गेलेली दिसली होती, आणि ते दृश्य त्याला गोड लागलं.

*

गोळ्या-मलमानं काही उतार पडेना. फोड मांड्यांवर उतरले. डोळे लाल झाले, ओठांवर काळी खपली धरली. फाल्गुन निम्मा झाला तेव्हा इंद्रजीतनं आईला गाडीत घातलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मारुतराव तिथंच राहिला. सून अनिता दिवसा, तो रात्री. इंद्रजीतला सुट्टी मिळेना.

दवाखान्यात कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, रक्ताच्या बाटल्या भरल्या, त्या मोठ्या मशीनमधनं पोटाचा फोटो काढला. नवव्या दिवशी कातडीच्या डॉक्टरीणबाई स्वतः खाटेपाशी आल्या. पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, सावकाश बोलणाऱ्या. अनिता औषधं आणायला खाली गेली होती.

त्यांनी सोजराला विचारलं, "आजी, तोंडातल्या जखमा कधीपासून आहेत? अगदी पहिली?"

सोजराला तेव्हा थोडंफार बोलता येत होतं. "दिवाळीपासनं," ती म्हणाली.

"दिवाळी?" मारुतराव दचकला. "आन् तू बोलली न्हाईस?"

"मिसरीनं आलं आसंल म्हनलं. काय डांगोरा पिटायचा."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. त्यांना हेच ऐकायचं होतं. "बाबा, नीट ऐका. पोटात, मूत्रपिंडाच्या मागे गाठ आहे. पेरूएवढी. ती कॅन्सरची आहे. आणि हे अंगावरचं सगळं त्या गाठीमुळे होतंय. शरीर त्या गाठीशी झगडायला जातं आणि त्या झगड्यात आपल्याच कातडीला फाडत सुटतं. फार क्वचित होतं हे. बावीस वर्षांत मी हा तिसरा पेशंट बघतेय."

"आन् ती फवारणी?"

"कसली फवारणी?"

मारुतरावानं सांगितलं. वारं, पंप, सहा सऱ्या, सगळं.

"छे हो. त्याचा काही संबंध नाही. गाठ वर्षभर तरी आत आहे, आणि तोंड दिवाळीला आलंय. फवारणी झाली कधी? फेब्रुवारीत. तुमचा भाऊ हराळी मारत होता, दुसरं काही नाही."

गाठ काढायची, पण आधी अंगावरच्या जखमा जरा सुकायला हव्यात, त्याशिवाय भूल देणारे हात लावणार नाहीत, असं त्यांनी समजावलं. तीन आठवडे घरी ठेवा, गोळ्या चुकवू नका. गाठ निघाली तर कातडी हळूहळू धरते, तोंड सगळ्यात शेवटी. कधी कधी छातीत जातं हे, तेव्हा मग अवघड असतं. बाई गोडगोड बोलल्या नाहीत आणि भीतीही घातली नाही.

त्या गेल्यावर सोजरानं डोळे छताकडं लावले. आता ही रडणार, असं मारुतरावाला वाटलं. ती म्हणाली, "भावजींना सांगा. आजच सांगा. येडं खुळं जीव जाळत बसलं आसंल तिकडं."

"अगं, तुझ्या पोटात गाठ निघालीया आन् तुला त्याचं पडलंय?"

"गाठीचं डागदर बघतील," ती म्हणाली. "तुमी हे बघा."

*

खोटं कशाला बोला, सांगायचं त्याच्या मनात होतं. घरी येताना गाडीत त्यानं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. 'रोहिदास, आरं तुझं काय न्हाई त्यात, डॉक्टर म्हनल्या.' एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम.

सोजराला आतल्या खोलीत निजवलं. दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगून ठेवलं होतं, चादर अंगाला चिकटते आणि ओढली की कातडी घेऊन येते. केळीची पानं अंथरा, ती चिकटत नाहीत आणि गारही लागतात. बाजारातली पानं दोन दिवसांची, वाळकी. ताजी केळ आसपास एकाच ठिकाणी होती. रोहिदासच्या विहिरीच्या पाटावर, चाळीसभर झाडं. अनितानं कुणाला न विचारता चुलतसासूला, सिंधूबाईला, फोन केला, आणि तासाभरात रोहिदास पानांचा भारा घेऊन बांधावर उभा राहिला.

मारुतराव त्याच्याकडं चालत गेला. वाक्य तोंडात तयार होतं.

"दादा," रोहिदासच आधी बोलला, "अनितानं सांगितलं. पोटात बी गाठ झाली म्हनं."

"व्हय."

"ते औषध आतवर गेलं आसनार. मोबाइलमधी दावत्यात बघा, तननाशकानं कॅन्सर व्हतो म्हनून." त्यानं भारा बांधावर ठेवला. "दादा, मी वैनीला मारली."

आता बोल की माणसा! पण मारुतराव भाऱ्याकडं बघत राहिला.

"मी लई इचार केलाय," रोहिदास म्हणाला. "ही पट्टी तुमच्या नावावर करतो. सिंधूला बी सांगितलंय, ती काय बोलली न्हाई. त्यानं काय भरून निघतंय आसं न्हाई. पर माझ्या हातात दुसरं काय हाय? अध्यक्षांना घिऊ, शिरूरला जाऊ, सह्या करून टाकू."

दीड गुंठा. आठ वर्षं. मारुतरावाच्या डोळ्यांपुढं पाइप आला, वरचे दोन एकर आले, त्यात उभी गुलछडी आली. जुळवलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं, ते त्यानं गिळलं.

"बघू," तो म्हणाला. "आधी पानं दे हिकडं."

आत गेल्यावर सोजरानं भुवया उंचावून विचारलं. तोवर तिचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. ओठ उघडले की चिरायचे.

"सांगितलं," मारुतराव म्हणाला. "सांगितलं त्याला सगळं."

तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की मारुतराव तिथं थांबला नाही.

*

मग घराला एक क्रम लागला. पहाटे गुलछडीची तोडणी, पाट्या भरून टेम्पोत. तेवढ्यात रोहिदास पानं आणायचा. रोज नवी, विळ्यानं कापलेली, पाटाच्या पाण्यात धुतलेली, मधला जाड दांडा तासून सपाट केलेली. उंबऱ्यापाशी ठेवायचा आणि तिथनंच मागं फिरायचा. आत यायचा नाही. कुठल्या तोंडानं येणार? पानं त्याची बायको सिंधूबाई आत न्यायची. ती आणि अनिता मिळून पानांना खोबरेल पुसायच्या, अंथरायच्या, आणि सोजराला एकेका कुशीवर वळवून नवं पान खाली सरकवायच्या. ह्याला वेळ लागायचा. कुठं धरावं ते कळायचं नाही. जिथं बोट लावावं तिथली कातडी सरकायची, उकडलेल्या बटाट्याची साल सरकते तशी. दोघी दात-ओठ खाऊन काम करायच्या. सोजरा ओरडू शकत नव्हती, नाकातनं नुसता हुंकार यायचा.

"बाई, झालं, झालं हां," सिंधूबाई थोरल्या जावेला म्हणायची. "एवढी एक कूस."

पेज चमच्यानं. पाणी कापसाच्या बोळ्यानं. दिवसातनं तीन वेळा जखमा धुवायच्या, मलम लावायचं, माशा बसू नयेत म्हणून मच्छरदाणी सोडायची. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापायचं. कुणी भेटायला आलं की दारातनं डोकावायचं आणि नाकाला पदर लावायचं. एक शेजारची धुरपदाकाकी सोडली तर खोलीत पाऊल कुणी टाकलं नाही. लागण होती का, असं अनिताला तीन जणींनी विचारलं. चौथीनं विचारल्यावर अनिता म्हणाली, "व्हती की. लई बोलनाऱ्याला लगेच व्हती." पाचवी फिरकली नाही.

मारुतराव बायकोजवळ बसायचा, पण फार वेळ नाही. ती बोटानं बाहेर दाखवायची, दिराच्या मळ्याकडं, आणि डोळ्यांनी विचारायची: आत का येत नाहीत?

"लाजतंय," तो सांगायचा. "तुझं अंग उघडं असतंय ना. दीर माणूस."

हे तिला पटायचं. एकदा खोटं पेरलं की त्याला असं रोज पाणी द्यावं लागतं, आणि मारुतराव ते न चुकता देत होता. इंद्रजीतनं एकदा विचारलं, "आप्पा, डॉक्टर फवारणीचं काय म्हणाल्या?" तर ह्यानं, "त्यांना काय शेतातलं कळतंय," म्हणून उडवून लावलं. पोरगं थकून आलेलं, ताटावरच पेंगत होतं. त्यानं पुढं विचारलं नाही.

विहिरीवर जाताना केळ दिसायची. पंधराव्या दिवशी तिच्यावर पान म्हणून उरलं नाही. नुसते बुंधे आणि वर चिंधीसारखा कोवळ्या पानाचा पोगा. घड निसवले होते, पण पानं गेल्यावर घड काय भरणार? बोटाएवढी केळी काळी पडत होती. रोहिदास आता दुसऱ्या वस्तीवरनं, सायकलवर पानं आणायचा. पंपाला त्यानं हात लावायचंच सोडलं होतं. त्याच्या वांग्याला शेंडेअळी लागली, मिरची आकसली, तरी त्यानं फवारलं नाही. गालफाडं बसली. मारुतराव त्याला येताना बघायचा आणि गोठ्यात काहीतरी काम काढायचा.

त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. रोज वाटायचं. रोज तो ठरवायचा की सह्या होऊ देत, मग सांगू. एकदा कागद झाला की निवांत सांगू. भाऊच आहे, काय परत मागणार आहे थोडाच?

*

सोमवारी शिरूरला जायचं ठरलं. मंगळवारी सोजराला पुण्याला न्यायचं होतं, बुधवारी ऑपरेशन. मारुतरावानंच घाई केली होती. ऑपरेशनमध्ये काही बरंवाईट झालं तर मग रोहिदासला कागदाचं कसं काढणार, हा विचार त्याच्या मनात आला होता. असलं मनात आलं म्हणून तो स्वतःवरच थुंकला होता, पण तारीख काही बदलली नाही.

सकाळी नऊला अध्यक्षांची जीप अंगणात लागली. मागं साक्षीदार दोघं. मारुतराव इस्त्रीचा सदरा घालून, आधार कार्ड, सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन तयार. रोहिदास आला. धुतलेलं धोतर, दाढी केलेली, पायात चपला नाहीत.

"चला," मारुतराव म्हणाला.

"दादा, जरा वैनीला भेटतो."

"आल्यावर भेट की. हापिसात नंबर लागतात."

"न्हाई. आधी भेटतो. उद्या तुमी नेनार, परवा कापनार. बोलायचं ऱ्हाऊन जाईल."

आणि तो आत गेला. एकवीस दिवसांत पहिल्यांदा. मारुतराव त्याच्यामागनं धावल्यासारखा गेला, पण अडवणार कसं?

खोलीत अनिता आणि सिंधूबाई सकाळचं अंग धुऊन नुकत्याच थांबल्या होत्या. मच्छरदाणी वर केलेली. हिरव्या पानावर सोजरा आडवी, कमरेवर मलमलचं धुडकं. रोहिदासनं तिला आत्ता बघितलं. तो खालीच बसला. पाय धरायला हात पुढं केला, पण धरायला धड जागाच नव्हती. त्यानं कपाळ जमिनीला लावलं.

"वैनी," तो म्हणाला, "माझ्या हातनं झालं. तुमी मला हातानं भरवलं आन् मी तुमच्या अंगावर इख मारलं. पोटात गाठ बी त्याचीच. आज पट्टी लिहून द्यायला चाललोय. त्यानं फिटत न्हाई, मला ठाव हाय. तुमी वाचा फकस्त. न्हाई वाचल्या तर मी बी काय ऱ्हात न्हाई."

सोजराचे डोळे आधी त्याच्यावर होते. मग ते सावकाश वर आले आणि दारात उभ्या असलेल्या मारुतरावावर थांबले. मारुतरावाच्या हातातली पिशवी चुरचुरली.

काय ते तिला कळलं. एकवीस दिवसांचं सगळं एकदम कळलं. तिनं मान हलवली आणि ओठ उघडायला लागली.

"आत्या, नका बोलू!" अनिता ओरडली. "खपली निघंल!"

ती थांबली नाही. ओठ मधोमध चिरला, रक्त हनुवटीवरनं गळ्यावर उतरलं.

"दिवाळी..." ती म्हणाली. "दिवाळीपासनं तोंड... आलंय. गाठ... आधीची. डागदरनं सांगितलंय. ह्यांच्या समोर." दम लागला. सिंधूबाईनं कापूस लावला, तो तिनं मानेनं झिडकारला. "तुमचं काय... न्हाई, भावजी. काय न्हाई."

रोहिदास तसाच बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून. मग त्यानं विचारलं, "दादा, तुमाला ठाव व्हतं?"

मारुतरावानं पिशवी पाठीमागं घेतली.

"कवापासनं?"

"दवाखान्यातनं आलो तवापासनं," त्यानं सांगितलं.

सिंधूबाई उठली. ही बाई आजवर थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. "एकवीस दिस!" ती म्हणाली. "एकवीस दिस माझा मानूस धड जेवला न्हाई. दोन डाव विहिरीच्या काठावरनं हाताला धरून आनलाय मी त्याला. सम्राटला बोलवून घेतलं, राखनीला. आन् तुमी, मामंजींच्या जागी आसलेला मानूस, तुमी गप? दीड गुंठ्यासाठी?"

"सिंधू," रोहिदास म्हणाला. एवढंच. मग भावाकडं न बघता बोलला, "भाईर गाडीतली मानसं खोळंबलीत. त्यान्ला तुमीच सांगा."

मारुतराव अंगणात आला. ऊन चढलं होतं. अध्यक्ष जीपमधे पुढं बसून सुपारी कातरत होते.

"चला की मारुतराव. रोहिदास कुठाय?"

"जायाचं न्हाई," तो म्हणाला.

"का? बदलला का शब्दाला?"

किती सोपं होतं! नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि गावानं पुन्हा रोहिदासलाच नावं ठेवली असती. तो शब्द मारुतरावाच्या तोंडात आलासुद्धा. त्यानं खिडकीच्या काठाला धरलं.

"त्यो न्हाई बदलला. ते फवारनीनं झालेलं न्हाई. गाठ आधीपासनंची हाय, तिच्यानं फोड आलेत. त्याचा काय बी दोष न्हाई."

अध्यक्षांचा अडकित्ता थांबला. "हे कवा कळलं?"

"मागल्या महिन्यात."

"आरं मग मागल्या महिन्यातच का नाय बोललास?"

मागचे दोघं साक्षीदार पुढं वाकले. गुलछडीच्या पाट्या उचलायला आलेला टेम्पोवालाही थबकला.

"पट्टी पायजे व्हती," मारुतराव म्हणाला.

 अध्यक्षांनी सुपारी तोंडात टाकायची तशीच मुठीत धरली, ड्रायव्हरला खूण केली आणि जीप मागं घेतली. टेम्पोवाल्यानं पाट्या भरल्या. जाताना तो रोज रामराम घालायचा, आज त्यानं घातला नाही.

मारुतराव ओट्यावर बसला, उठला, परत बसला. आतनं बोलण्याचे आवाज येत होते. थोड्या वेळानं अनिता दारात आली.

"मामा, आत्यांना पानावरनं उचलायचंय. रक्तानं सगळं भरलंय, आज कुशीवर वळवता यायचं न्हाई. चौथा मानूस पायजे. हात धुवा."

त्याला कुणी बोलावलं ह्याचंच त्याला इतकं वाटलं, की तो लगबगीनं मोरीवर गेला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, सिस्टरनं शिकवलं होतं तसे, बोटांच्या बेचक्यांतनंसुद्धा. ओले हात वर धरून तो खोलीत आला. डोक्याशी सिंधूबाई, कमरेला एकीकडं अनिता, पायाशी रोहिदास. कमरेची दुसरी बाजू मोकळी होती. चाळीस वर्षांत त्यानं ह्या बाईला किती वेळा हात लावला असेल, पण पानाखाली हात कुठनं घालावा ते त्याला कळेना.

सोजरानं मान वळवली. त्याच्या हातांकडं बघितलं, मग त्याच्याकडं. आणि डोकं हलवलं. डावीकडं, उजवीकडं. सावकाश, कातडीला ताण बसणार नाही अशा बेतानं.

"आत्या, तिघांनी न्हाई उचलायचं," अनिता म्हणाली.

सोजरानं पुन्हा तसंच डोकं हलवलं.

"ऱ्हाऊ द्या," रोहिदास म्हणाला. तो पायाकडनं कमरेकडं सरकला, दोन्ही हात पानाखाली लांब घातले. "मी दोन्हीकडचं धरतो. सिंधू, डोकं सांभाळ. हां, आता."

तिघांनी तिला उचललं. नाकातनं तो हुंकार आला. मारुतराव धुतलेले हात तसेच पुढं धरून उभा राहिला, आणि त्यांच्यावरचं पाणी वाळेपर्यंत त्याला कुणी काही काम सांगितलं नाही.